बंदर नाक्याचा अर्ज

आमच्या गावाचं नाव मी इथे घालत नाही. ठाण्याहून कल्याणकडे जाताना खाडीच्या कडेने जी गावं लागतात त्यांतलं ते एक, एवढं पुरे. त्या वेळचे म्युनिसिपालिटीचे मेंबर कधीच वर गेले. पण त्यांची नातवंडं आहेत, आणि आजोबांच्या तसबिरीला रोज हार घालणाऱ्या माणसांशी भांडायचं माझं वय राहिलेलं नाही.

मी त्या कचेरीत आवक-जावक कारकून होतो. बाहेरून कागद आला की त्यावर नंबर घालायचा आणि प्रेसिडेंटांच्या टेबलावर ठेवायचा, त्यांच्याकडून निघाला की पुन्हा नंबर घालून बाहेर धाडायचा. माकडालाही शिकवता आलं असतं असं काम. पण मी बावीस वर्षांचा होतो, शिक्का माझ्या ताब्यात होता, आणि ज्यावर माझा नंबर नाही तो कागद जन्मलाच नाही असं मी मनापासून मानत होतो.

ही नोकरी मला मामांनी लावून दिली. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. माझे वडील गेल्यावर त्यांनी आम्हा मायलेकांना आपल्याकडे आणलं, मला शिकवलं, माझं लग्न लावलं. ते बंदर नाक्यावर नाकेदार होते. खाडीत गलबतं लागत, धक्क्यावरून भाताच्या, कौलांच्या, बांबूंच्या गाड्या गावात शिरत, आणि रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू मामांनी वर केल्याशिवाय एकही गाडी पुढे जात नसे. जकातीच्या पावतीवर त्यांची सही असे. सत्तावीस वर्षं त्यांनी तो बांबू वर-खाली केला. नाक्याला लागूनच एक कौलारू खोली होती, तीच म्युनिसिपालिटीने त्यांना राहायला दिलेली. माझं बालपण तिथेच गेलं. मामींना अर्धांगवायू झाल्यापासून त्या तिथेच खाटेवर पडून होत्या. खिडकीतून खाडी दिसे, आणि गाडी आली की बैलांच्या घुंगरांवरून त्या गाडीवान ओळखत. तेवढीच त्यांची करमणूक.

एका कार्तिकात मेंबरांची सभा भरली आणि ठरलं की नाके मक्त्याने द्यायचे. मक्तेदार एकरकमी जकात भरणार आणि नाक्यांवर स्वतःची माणसं बसवणार. म्हणजे चार नाक्यांवरची आमची सातही माणसं पौष संपताच कमी. मी शेजारच्या खोलीत कागद लावत बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. एक मेंबर म्हणाला, "इतकी वर्षं सावलीत बसून पगार खाल्ला, आता जरा उन्हात हिंडू देत." त्यावर सगळे हसले. प्रेसिडेंट तर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी घेऊन मलाच आत जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी नाक्यांवरची माणसं तळ्यावरच्या देवळाच्या ओसरीत जमली. अशी एकी आमच्या गावात त्याआधी कोणी पाहिली नव्हती. कचेरीतल्या बाकीच्या कारकुनांनाही बोलावणं गेलं होतं. एकही आला नाही. नाक्यांचं नाक्यांनी बघावं, आमचं टेबल शाबूत आहे, असा त्यांचा हिशेब. मी गेलो, तो मामांचा भाचा म्हणून. कलेक्टरसाहेबांना अर्ज करायचा यावर सगळ्यांचं एकमत झालं. कलेक्टर म्हणजे जिल्ह्याचा मालक, त्याने एक शब्द टाकला असता तर मेंबरांची हसण्याची हिंमत झाली नसती. प्रश्न एवढाच होता की अर्ज त्यांच्यापर्यंत न्यायचा कसा.

बंदर नाक्यावरचा शिपाई आगरी होता, जवळच्याच गावचा. तो म्हणाला, "याच्यात इच्यार कसला करताव? उंद्या गारीत बसू, ठान्याला जाऊ, न सायबाच्या हातान देऊ."

मी हसलो. मामाही हसले. आम्ही शिकलेली माणसं. नोकराने वरच्या साहेबाला अर्ज करायचा तर तो आपल्याच कचेरीच्या मार्फत करायचा, असा नियम आम्हाला तोंडपाठ होता. परस्पर गेलेला अर्ज म्हणजे आगाऊपणा, साहेब तो वाचणारही नाही, वर शिस्तभंग. मीच हे सगळं ओसरीवर उभं राहून समजावून सांगितलं, आणि सांगताना मला फार बरं वाटत होतं.

शिपाई माझ्याकडे बघतच राहिला. "म्हंजी ज्याची तकरार, त्याच्याच हातान द्याची? यो कंचा शानपना?"

"तुला नाही कळायचं ते," मामा त्याला मायेने म्हणाले.

अर्ज मी लिहिला. माझं मोडी अक्षर वळणदार होतं. सह्यांची वेळ आली तेव्हा आधी कोणी करायची यावर अर्धा तास गेला. नोकरी जायची होती तरी ज्येष्ठतेचा क्रम सुटत नव्हता. शेवटी सगळ्यांत जुने म्हणून पहिली सही मामांची. शिपायाला लिहिता येत नव्हतं, त्याच्या नावापुढे सहीऐवजी मी निशाणी म्हणून नांगर काढला. दुसऱ्या दिवशी कचेरीत मामांनी तो अर्ज दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी त्यावर नंबर घातला, शिक्का मारला आणि प्रेसिडेंटांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

प्रेसिडेंटांनी तो सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अक्षर छान आहे हो. कोणाचं?"

मी म्हटलं, "माझं."

"वा. असू दे. विचाराधीन म्हणून ठेव."

विचाराधीन कागदांची एक वेताची टोपली होती. ती माझ्याच टेबलाशेजारी असे. अर्ज त्या टोपलीत पडला आणि पडूनच राहिला. मामा दर दोन दिवसांनी विचारत, आणि मी सांगत असे की रीतसर चाललं आहे. मला ते खरंच वाटत होतं. टोपली हाताच्या अंतरावर, रोज डोळ्यांसमोर, तरी वाटत होतं. माणूस किती गाढव असू शकतो याचा दाखला कोणाला हवा असेल तर मी लिहून देतो.

मार्गशीर्षात कलेक्टरसाहेब फिरतीवर आले. तंबू आमराईत पडले. सकाळी साहेब घोड्यावरून निघाले ते नेमके बंदर नाक्यावरून. कचेरीचा एक कागद द्यायला मी त्या वेळी तिथेच होतो. मामांनी पागोटं सारखं केलं, बांबू वर केला आणि वाकून मुजरा केला. साहेबांनी घोडा थांबवला. कुठली लहर आली कोण जाणे. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी विचारलं, "नाकेदार, किती वर्षे नोकरी?"

"सत्तावीस, साहेब."

"काही तक्रार?"

दोन हातांवर कलेक्टर. स्वतः होऊन विचारतो आहे. मागे खोलीत मामी ऐकत आहेत. आणि मामा हात जोडून म्हणाले, "तक्रार नाही, साहेब. जे आहे ते मार्फत येत आहे."

साहेबांना त्यातलं काय कळलं असेल ते असो. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात आमचा शिपाई पुढे सरसावला, "सायेब, आमची प्वाटं..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मी त्याचा दंड धरला आणि त्याला मागे ओढलं. मी. दुसऱ्या कोणी नाही. माझी बोटं त्याच्या दंडात रुतली होती. साहेबांनी टाच मारली, घोडा गेला, मामांनी बांबू खाली घेतला आणि मला म्हणाले, "बरं केलंस. मधेच बोलून सगळं नासवलं असतं त्याने."

पौष संपला. शेवटच्या दिवशी प्रेसिडेंटांनी हुकूम केला की जुन्या नाकेदाराने मक्तेदाराच्या माणसांना काम शिकवून मगच जावं. मामांनी दिवसभर उभं राहून शिकवलं. कुठल्या पोत्यात हात घालून बघायचा, कुठला गाडीवान तांदळाखाली गूळ दडवतो, सगळं. ती पोरं तंबाखू मळत ऐकत होती आणि मामांची पाठ वळली की त्यांच्या बोलण्याची नक्कल करत होती. मामांना ते दिसत होतं. तरी एकही गोष्ट त्यांनी सांगायची ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसिडेंटांनी टोपलीतून अर्ज मागवला आणि त्याच्या पाठीवर शेरा मारला. अर्जदार आता या कचेरीचे नोकर नाहीत, सबब त्यांना कचेरीमार्फत अर्ज करण्याचा अधिकार पोहोचत नाही, परत. शेरा मारून झाल्यावर त्यांनी तो स्वतःच पुन्हा वाचला, आणि त्यांना तो आवडला असावा, कारण शेजारी बसलेल्या मेंबरालाही वाचून दाखवला. मग माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घे. नियमाप्रमाणे." मी त्यावर जावक नंबर घातला. दोन दिवसांत खोली रिकामी करण्याचा हुकूमही त्याच्याबरोबर गेला.

मामी हलवण्याजोग्या नव्हत्या. वैद्याने तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना माझ्या घरी आणायचं मी घरात बोललो नाही असं नाही. लग्नानंतर मी आणि आई सासऱ्यांकडे राहत होतो. ते म्हणाले, अंथरुणाला खिळलेलं माणूस आपल्याला झेपायचं नाही. मी दुसऱ्यांदा बोललो नाही.

त्याच दिवशी दुपारी मामा कचेरीत आले. हातात नवा अर्ज होता. आजारी पत्नीस हलवणे जिवावरचे आहे, सबब खोलीत एक महिना राहू द्यावे, एवढंच त्यात होतं. ते नेहमीच्या सवयीने दारातून आत आले आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले. समोर प्रेसिडेंट पान लावत बसले होते. त्यांनी नुसतं वर पाहिलं, आधी मामांकडे, मग माझ्याकडे. आणि मी, ज्याला त्या माणसाने वाढवलं तो मी, म्हणालो, "मामा, बाहेरच्या माणसाने अर्ज खिडकीतून द्यायचा असतो."

मामांनी जीभ चावली. "हो हो. चुकलंच माझं," ते म्हणाले. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. ते खरोखर ओशाळले. बाहेर गेले, कचेरीला वळसा घालून खिडकीशी आले. तिथे एक कुणबी आधीच उभा होता, त्याच्यामागे थांबले. पाळी आली तेव्हा गजांमधून कागद आत सरकवला. मी नंबर घातला. ते जाईपर्यंत मी मान वर केली नाही.

प्रेसिडेंट म्हणाले, "विचाराधीन."

तिसऱ्या दिवशी सकाळी मक्तेदाराच्या माणसांनी मामींची खाट उचलून रस्त्यावर आणून ठेवली. गाड्या खोळंबल्या होत्या, गाडीवान खाली उतरून बघत होते. शिपायाने कुठून तरी बैलगाडी आणली, खाली पेंढा अंथरला आणि मामा-मामींना टिटवाळ्याला मामींच्या भावाकडे पोचवलं. हे सगळं त्यानेच मला नंतर सांगितलं. मी कचेरीत होतो. रजा मागायचं माझ्या मनात आलं होतं, पण रजेचा अर्जही प्रेसिडेंटांच्याच टेबलावर ठेवावा लागला असता.

त्यानंतर अकराव्या दिवशी मामी गेल्याचा निरोप आला. तेव्हा मात्र मी न विचारता टिटवाळ्याला गेलो. मामा ओटीवर बसले होते, डोक्यावरचे केस उतरवलेले. मला वाटलं होतं ते मला शिव्या देतील, निदान तोंड फिरवतील. वाटेत मी तेवढीच प्रार्थना करत होतो. पण त्यांनी मला जवळ बसवलं, आईची चौकशी केली. मग जरा वेळाने विचारलं, "अरे, तो खोलीचा अर्ज अजून विचाराधीनच आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मग तो तसा ठेवून चालणार नाही. उगाच तुझ्याकडे एक कागद तुंबलेला राहायचा." त्यांनी आतून दौत-टाक मागवली, मांडीवर पाट घेतला आणि लिहायला बसले. सुतकात होते, तरी समास नीट सोडला. अर्जातील कारण उरले नसल्याने अर्ज निकाली काढावा, ही विनंती. सही केली, शाई टिपायला वाळू टाकली, झटकली आणि कागद माझ्या हातात दिला.

"खिडकीतून दिला असं समज," ते म्हणाले. "मला आता तेवढं चालवत नाही."

मला त्यांच्या पायांवर डोकं आपटावंसं वाटलं. प्रेसिडेंटचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा. यांतलं मी काहीच केलं नाही. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला, संध्याकाळच्या गाडीने परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्यावर सगळ्यांत आधी त्यावर नंबर घातला.