एक कापायला, एक लावायला

मल्लूचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या घरी ओट्यापाशी उभी राहून रविवारची यादी करत होते. वर धपाटे, शेंगाची चटणी, दही; खाली ‘जुनी वर्तमानपत्रं’. नांदेडहून अक्का येणार होती आणि तिची गाडी जिथे उभी राहते तिथे खाली वर्तमानपत्र अंथरायचं, हा तिचा नियम. मल्लू आमचा धाकटा भाऊ. उदगीरला अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, धान्याचं अडत दुकान चालवतो आणि फोनवर नेहमी बाजारात उभा असल्यासारखा ओरडून बोलतो. त्या सकाळी हळू बोलला. “सुनी, अक्का गेली...” मग म्हणाला, “छातीत दुखत असून गाडी तिची तिनंच दवाखान्यात नेली, कळलं का? सावलीत लावली. चावी काउंटरवर दिली आन त्या पोरीला म्हणली, हँडब्रेक लावलाय, काढल्याबिगर ढकलू नका.”

छातीत दुखत असताना गाडी चालवू नये, रुग्णवाहिका बोलवावी, हे मला कळतं आणि वाचणाऱ्यांनीही तेच करावं. पण त्या वाक्यानं रडू यायच्या आधी मी ताठ उभी राहिले. आमची थोरली बहीण शकुंतला शेवटच्या दिवशीही दुसऱ्याच्या गाडीत, डावीकडच्या सीटवर बसून गेली नाही. आज तिला जाऊन काही आठवडे झाले आहेत आणि मला शोकाचं लिहायला जमत नाही. मला तिच्या जिंकण्याचं लिहायचं आहे.

दाजी होते तोवर गाडीची चावी दाजींच्या शर्टाच्या खिशात असायची. माणूस चांगला, पण चावी खिशातच. अक्का एका मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेत तिच्या चपलांचा आवाज आला की वर्ग गप्प व्हायचा. गाडीत मात्र ती मांडीवर डबा आणि पायाशी पाण्याची बाटली घेऊन डावीकडे बसायची. दाजी गेले, पुढे ती निवृत्त झाली, आणि साठी ओलांडलेल्या बाईनं आधी गाडी शिकून घेतली, मग स्वतःच्या नावावर नवी कोरी गाडी घेतली. विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या तिच्या घरी दारामागच्या खिळ्याला पहिल्यांदाच अशी चावी लटकली, जी ती कुणाला न विचारता काढू शकत होती.

मल्लूला हे सगळं पसंत नव्हतं. “एकटी बाई कुठं कुठं हिंडणार? गाडी उदगीरला राहू दे, माझा डायवर हाय. तुला पायजे तवा पाठवतो.” अक्का नुसती हसायची. पण एकदा उदगीरला जेवायला बसलो असताना तिनं जाहीर केलं, की मधले तेलबदल ती घरी, स्वतःच्या हातानं करणार. मल्लूच्या हातातला घास हातातच राहिला.

“काय म्हणली?”

“ठरलेल्या सर्व्हिस त्यांच्याकडंच होतील, वॉरंटीला धक्का न्हाई. पुस्तक वाचलंय मी. पण दोन सर्व्हिसच्या मधी दोनदा मी बदलणार. तिकडं आपल्याला काचेमागं बसवतेत, चहा देतेत. चहा चांगला असतो, पण आत काय चाललंय ते दिसत न्हाई. झाकलेला माल अण्णांनी कधी घेतला होता का रे?”

मल्लू घास खाली ठेवून म्हणाला, “मग ऐक. कर तू तेल. पुढच्या बारीला तेच फिल्टर काढायचं, माझ्यासमोर कापायचं. आत लोखंड निघालं तर इंजिन खराब केलंस असं मी समजणार, आन चावी माझ्याकडं. कायमची.”

“आन न्हाई निघालं तर?”

“तर तू चालव, मी तुझ्या शेजारी बसतो. गप.”

हे ‘शेजारी बसतो’ साधं नव्हतं. बाई चालवत असलेल्या गाडीत मल्लू आजवर बसला नव्हता, स्वतःच्या बायकोच्या स्कूटीवरसुद्धा नाही. पैज लागली. मी यादी केली: तेल, फिल्टर, नटाचा वायसर, पाना, घमेलं, चिंध्या. अक्कानं यादी पाहिली आणि ‘फिल्टर’ या शब्दाखाली बोट ठेवलं. “बाकी सगळं बाजारात मिळतंय. हे निवडावं लागंल.”

ज्यांनी ऑइल फिल्टर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तो मुठीत मावणारा पत्र्याचा बंद डबा असतो. आत घड्या घातलेला कागद, तेल त्यातून गाळून जातं. तोंडाशी रबराची रिंग, आणि आत एक रबराची झडप, जी इंजिन बंद झाल्यावर तेल डब्यातच धरून ठेवते, म्हणजे सकाळी इंजिन कोरडं सुरू होत नाही. बाहेरून सगळे डबे सारखेच. नांदेडला शब्बीरभाईंचं सुट्या भागांचं दुकान त्यांच्या आजोबांपासून आहे. त्यांनी तीन प्रकार काउंटरवर मांडले: एक कंपनीच्या खोक्यातलं, एक बाजारातलं स्वस्त, आणि एक चांगल्या कागदाचं म्हणून नाव असलेलं.

“म्याडम, तिन्ही बसतेत,” शब्बीरभाई म्हणाले. “बोलो, कौनसा देऊ?”

“तिन्ही द्या. दोन दोन.”

“दोन दोन? गाडी किती हैत तुमच्याकडं?”

“एकच. एक कापायला, एक लावायला.”

शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काय सांगणार? आम्ही परखीच्या घरातली माणसं. परखी म्हणजे पन्हळीसारखी खोलगट, टोकदार लोखंडी सळई. पोतं न सोडता त्यात खुपसायची, की पोटातले दाणे पन्हळीतून तळहातावर येतात. पोत्याच्या तोंडाला माल कुणीही चांगला ठेवतो. अण्णा म्हणायचे, तोंड बघून सोयरीकसुद्धा करू नये. अक्कानं पत्र्याच्या डब्यालाही तोच न्याय लावला.

तिच्या अंगणात करवतीच्या पात्यानं आम्ही तिन्ही डबे कापले. हात भरून आले, पण पाहायला मिळालं ते मोलाचं. स्वस्तातल्या डब्यात कागदाच्या घड्या एका बाजूला दाटलेल्या, दुसऱ्या बाजूला विरळ, आणि टोकाला पुठ्ठा चिकटवलेला. नावाजलेल्यात कागद देखणा, पण झडपेचं रबर कडक, बोटानं दाबलं तरी दबेना. कंपनीच्यात घड्या अगदी निगुतीनं नेसलेल्या नऊवारीच्या निऱ्यांसारख्या, आणि रबर मऊ. “हे पास,” अक्का म्हणाली. बाकीच्या दोन प्रकारांतलं न कापलेलं एकेक फिल्टर तिनं फळीवर ठेवून दिलं. नापास मुलालाही ती शाळेतून काढत नसे.

तेलबदलासाठी तिनं गवंड्याकडून अंगणात दोन सिमेंटचे उतार बांधून घेतले होते. गाडी वर चढवायची, हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे, आणि साडीवर दाजींचा जुना शर्ट घालून सतरंजीवर पाठ टेकून आत सरकायचं. मी बाहेरून पाना द्यायचा. नवीन रिंगवर बोटानं ताजं तेल लावताना ती धपाट्याच्या कडेनं तेल सोडल्यासारखं गोल बोट फिरवायची. “सुनी, जुनी रिंग डब्याबरोबर निघाली का बघ. वरच चिकटून राहिली तर दोन रिंगा होतेत आन तेल गळतंय.” निघाली होती. डबा हातानंच आवळला, पाना न लावता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालचं वर्तमानपत्र कोरडं होतं. अक्कानं त्याचा फोटो काढून मल्लूला पाठवला. मल्लूनं उत्तरात फक्त अंगठा पाठवला. मनातून नव्हता तो.

खरी परीक्षा पुढच्या तेलबदलाला होती. मल्लू उदगीरहून मुद्दाम आला, खुर्ची टाकून अंगणात बसला. अक्कानं फिल्टर काढलं, करवतीनं कापलं, तेलानं काळा झालेला कागद ताटात पसरला... आणि उन्हात तो चमकला. बारीक, चंदेरी चूर. घड्याघड्यांतून लोखंड.

मल्लूनं बोट फिरवलं, अंगठ्यावर चूर चोळला. त्याला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. पण तो उठला, दारामागच्या खिळ्याची चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. अगदी दाजींसारखी. “अक्का, इंजिन आतून झिजायलंय बघ. बोललो होतो का न्हाई मी? आता बास. डायवर पाठवतो, गाडी घेऊन जाईल.”

अक्का उलट्या बादलीवर बसून राहिली. तिची नजर चावीवर नव्हती, ताटावरच होती. मग तिनं विचारलं, “मल्ल्या, परखीत खडा निघाला की अण्णा काय करायचे रे?”

“काय करायचे म्हंजे? भाव पाडायचे.”

“त्याच्या आधी.”

मल्लू रोज परखी हातात धरणारा माणूस, पण त्याला आठवायला वेळ लागला. “आधी... आधी परखी झाडायचे.”

“का?”

“मागच्या पोत्यातला खडा पन्हळीत अडकलेला असतो कधी कधी. परखी झाडायची, मग पोत्याला नाव ठेवायचं...” बोलता बोलता तो थांबला. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग अक्काच्या मांडीवरच्या करवतीकडे.

अक्का उठलीच होती. फळीवरचं नापास फिल्टर तिनं घेतलं, नवं कोरं, कुठल्याही इंजिनाला कधी न लागलेलं. त्यात ताजं तेल ओतून कागद भिजू दिला, आणि मग त्याच करवतीनं तो डबा कापून त्याचा कागद दुसऱ्या ताटात पसरला. उन्हात धरला. तसाच चमकला! तोच चंदेरी चूर, घड्याघड्यांतून. लोखंड इंजिनाचं नव्हतंच. आमच्या करवतीनं कापलेल्या पत्र्याचं होतं. आधी कोरडे डबे कापले तेव्हा चूर झडून गेला होता आणि आम्हीही तो शोधत नव्हतो. तेलाच्या कागदानं तो धरून ठेवला. दुसऱ्या कुणाच्या घरी ही चूक झाली नसती, कारण दुसरं कुणी वापरलेलं फिल्टर कापून बघायलाच गेलं नसतं.

मल्लू दोन्ही ताटांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, “पर हे नव्या डब्यात चूर हाय म्हणून जुन्यात इंजिनाचा न्हाईच, असं कसं?” प्रश्न बरोबर होता, आणि अक्कानं तो मान्य केला. ती नळदुरुस्तीवाल्याकडे गेली आणि चाकाचा पाइप कटर घेऊन आली. तो दाबत दाबत फिरतो, चूर पाडत नाही. पण फिल्टर तर कापून झालेलं. म्हणून तिनं जुन्या कागदाच्या अगदी आतल्या घड्या, जिथे करवत पोचली नव्हती, त्या तेवढ्या कात्रीनं काढल्या आणि पांढऱ्या फडक्यावर दाबल्या. काळं तेल उमटलं. चमक नाही. मल्लूनं फडकं उन्हात तिरपं करून पाहिलं, सरळ करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग त्यानं खिशातून चावी काढली. खिळ्याला नाही लावली. अक्काच्या तेलकट हातात दिली. “औशाला बाजारात काम हाय माझं उद्या,” तो म्हणाला. “जाताना सोड मला.”

“डायवर पाठव की,” अक्का म्हणाली.

“आता छळू नकू!”

दुसऱ्या दिवशी मी मागे बसले, मल्लू पुढे डावीकडे, मांडीवर पिशवी घेऊन. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, लातूरला मी उतरायला हवं होतं, पण हे सोडून कोण उतरणार? औशापर्यंत मल्लूनं शब्द पाळला, एक अक्षर बोलला नाही. फक्त प्रत्येक ट्रकच्या वेळी त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. औशाच्या किल्ल्याजवळ उतरून त्यानं दार लावलं आणि काचेतून वाकून म्हणाला, “क्लच सोडताना धक्का द्यायलीस तू. बाकी... बरी हाय.”

त्यानंतर अक्कानं नांदेड, लातूर, उदगीर एक करून टाकलं. लग्नं, बारशी, दवाखाने, गल्लीतल्या बायकांच्या बँकेच्या खेपा. कुणाला कुठं जायचं असलं की आधी तिला फोन. मला गाडी तिनंच शिकवली, माझ्या गाडीवर, माझ्या नवऱ्यासमोर. आणि मल्लू? आपल्या टेम्पोचं फिल्टर कापून त्याच्या घड्यांचा फोटो तिला पाठवायचा. खाली एकच शब्द, ‘पास?’

दिवस झाल्यावर मी आणि मल्लू नांदेडच्या घरी गेलो. गाडी उतारांशेजारी उभी होती, तेलबदल जवळ आलेला. मी शब्बीरभाईंकडे गेले. काही बोलायच्या आत त्यांनी काउंटरवर दोन खोकी ठेवली. “एक कापायला, एक लावायला,” ते म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

तेल मल्लूनं बदललं. पोट आडवं येत होतं तरी सरकला आत. मी बाहेरून विचारलं, “रिंग निघाली का?” “निघाली गं, मला शिकवू नकू.” जुनं फिल्टर कापायला त्यानं चाकाचा कटर घेतला, आणि कापायच्या आधी, कुणी न सांगता, चिंधीनं त्याचं पातं पुसून घेतलं. कागद ताटात पसरला. घड्या सरळ, काळ्या, आणि कुठेही चमक नाही. इतक्या खेपा करून इंजिन जसंच्या तसं. मल्लूनं ताट उन्हात तिरपं केलं, सरळ केलं. मग म्हणाला, “पास झाली अक्का.”

सकाळी वर्तमानपत्र कोरडं होतं. त्यानं खिळ्यावरची चावी काढली, माझ्या हातात दिली आणि स्वतः जाऊन डावीकडे बसला. मी उजवीकडे बसले. अक्का उंचीला लहान. सीट पार पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगखाली टेकत होते.

“मागं सरकव की,” मल्लू म्हणाला.

“सरकवते,” मी म्हणाले, आणि गाडी सुरू केली. अहमदपूरपर्यंत सीट अक्काच्याच मापाची राहिली.