बारावा वस्तरा

टेबलावर वस्तऱ्यांची चवड पडली आणि सर म्हणाले, "हं, कर सुरू. तुला काय शिकवायचं? तुमच्या रक्तातच आहे ते."

वर्ग हसला. शेजारच्या बाकावर इनामदारांचा मुलगा बसायचा. त्यानं हनुवटी पुढं काढली. "आधी माझी खरड रे. मग सूर्यफुलाची."

पुन्हा हसणं. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढं राहून जाईल. मीही हसलो.

सांगलीतलं कॉलेज. महायुद्धाची वर्षं. आमच्या तुकडीत तेराजण. बॉटनीच्या प्रॅक्टिकलला खोडाचा काप घ्यायचा असे. गाजर उभं चिरायचं, त्यात सूर्यफुलाच्या खोडाचा तुकडा दाबून धरायचा आणि ओल्या वस्तऱ्यानं एका ओढीत काप काढायचा. इतका पातळ की पाण्यात टाकला तर शोधावा लागावा. असा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की एकेक पेशी सुटी दिसते. काप जाड आला की नुसता काळोख. आणि वस्तरा बोथट असेल तर कुणाचाही हात असो, काप जाडच येणार.

हे मला कॉलेजनं शिकवलं नाही. माझा बाप वाईच्या बाजूला एका खेड्यात न्हावी होता. मामाचं माधवनगरला गिरणीजवळ दुकान होतं, तिथं राहून मी शिकत होतो. गावाहून निघताना बापानं हत्यारांच्या धोपटीतला चामड्याचा जुना पट्टा काढून दिला. म्हणाला, "ह्यो आपला पट्टा. कुनाला बी शिवू दिऊ नगं."

त्या पट्ट्यावर मी दर आठवड्याला साऱ्या तुकडीचे वस्तरे ओढायचो. माझा काप सगळ्यांच्या शेवटी. पण बदल्यात खिडकीजवळचा चांगला सूक्ष्मदर्शक मला मिळायचा. सर पाठीवर थापही मारायचे. ती थाप मला कधीच नीट पचली नाही. घोड्याला मारतात तशी ती आहे की माणसाला मारतात तशी, हे मी चाचपत राहायचो. कुणी कौतुक केलं की आधी ते उलटून बघायची खोड मला तेव्हापासून लागली. पण सूक्ष्मदर्शक पाहिजे होता. संशय गिळला.

माझा सोडून वस्तरे बारा होते. मी अकरा ओढायचो.

बारावा गणपतचा. गणपत महार. मिरजेकडच्या खेड्यातला, बाप पलटणीत. शेवटच्या बाकावर एकटा बसायचा. तो सूक्ष्मदर्शकात बघून गेला की इनामदारांचा मुलगा खिशातला रुमाल काढून भिंगाचं तोंड पुसायचा. मग डोळा लावायचा. रोज. सरांच्या देखत.

गणपतचा वस्तरा बापानं पलटणीतून पाठवलेला. विलायती. पोलाद असं, की न्हाव्याच्या पोरानं बघत राहावं. पण धार गेलेली. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर त्यानंही तो माझ्यापुढं ठेवला. मी अकरा ओढले आणि तो तसाच सरकवून दिला. कुणाला त्यात वावगं वाटलंच नाही.

दोन-तीन आठवड्यांनी त्यानं मला व्हरांड्यात गाठलं.

"गड्या, माझा बी एकदा पट्ट्यावर ओढ की. लय जाड येतोय काप."

"पट्टा बापाचा हाय."

"मग?"

"मग काय? बापानं सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

मी पट्ट्याची पिशवी काखेत घट्ट धरली. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग हळू म्हणाला, "आमच्या आज्ज्याची दाढी गावच्या न्हाव्यानं कवा केली न्हाई. बाची न्हाई, माझी न्हाई. मला वाटलं, हितं कॉलेज हाय."

गेला. नदीवरून आणलेल्या एका दगडावर तो स्वतःच वस्तरा घासायचा, हे पुढं कळलं. दगडानं पोलादाला दाते पडतात. पट्ट्यावर ओढल्याशिवाय ते बसत नाहीत.

मी बापाचं नाव पुढं केलं. बाप तिथं नव्हता. मला माझ्या खाली कुणीतरी एक पाहिजे होता. अकरा जणांच्या पुढं मान खाली घालायची, तर बाराव्यापुढं ती वर असावी. एवढंच. याला रीत म्हणतात, रूढी म्हणतात, मोठी मोठी नावं देतात. माझ्यापुरतं ते इतकंच होतं.

त्याच सुमारास सरांनी पेशी शिकवली. शिकवण्यात त्यांचा हातखंडा. सगळं पुस्तक इंग्रजी, पण ते मराठीत समजावून सांगायचे. फळ्यावर एक चौकोन काढला.

"पेशी म्हणजे एक गाव समजा. ही बाहेरची भिंत, हे गावकूस. हा गोल, न्यूक्लिअस, हा गावचा पाटील. सगळा कारभार त्याच्या हुकमानं. हे हिरवे कण, हे कुणबी. उन्हात राबतात आणि गावाला अन्न पुरवतात. ही मधली पोकळी, पाण्याचा साठा. आणि हे बारीक बारीक दाणे. ह्यांचं काम अजून शास्त्रज्ञांना पुरतं उलगडलेलं नाही. पण गावाला लागतात. हे बलुतेदार." खडूचं टोक माझ्याकडं वळलं. "आमच्या ह्याच्यासारखे."

हसणं.

"प्रत्येकाचं काम ठरलेलं. कुणी दुसऱ्याचं काम मागत नाही. म्हणून पेशी जगते. निसर्गाची व्यवस्था आहे ही."

शेवटच्या बाकावरून आवाज आला. "सर, आणि महारवाडा कुठं?"

सरांनी हात झटकला, खडूची भुकटी उडाली. शांतपणे म्हणाले, "उपमा आहे रे. उपमा फार ताणू नये."

मी वहीत सगळं उतरवून घेतलं. पाटील, कुणबी, बलुतेदार. त्या चौकोनात मला जागा मिळाली होती आणि गणपतला मिळाली नव्हती. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मग चाचणी आली. कॉलेजच्या ह्या प्रॅक्टिकलला नापास झाला, तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेचा फॉर्म जात नसे. वर्ष बुडे. गणपतचं वर्ष बुडालं तर फीची सवलतही जाणार, म्हणजे शिक्षणच संपणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला तर नक्कीच.

आदल्या दिवशी मी अकरा वस्तरे ओढले. गणपतनं या वेळी त्याचा ठेवलाच नव्हता.

चाचणीत तो एकामागून एक काप घेत होता. गाजराचा चुरा. खोडाचे धागे ओढून निघालेले. दातेरी धारेनं असंच होतं. सरांनी त्याचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, डोळा लावला, काढला.

"पेशी कुठे आहेत ह्यात? काळोख आहे नुसता." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या लोकांचा हात जड. नाजूक काम तुमच्या हाताला नाही. हा तुझा दोष नव्हे. जन्मानं येतं."

गणपतनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे. साऱ्या कॉलेजात मी एकटा असा होतो, की उठून म्हणू शकलो असतो, सर, हात नव्हे, धार. दोन शब्दांचं काम. पट्टा माझ्या पिशवीत होता. दहा ओढी मारल्या असत्या, की त्या विलायती पोलादानं सगळ्या वर्गापेक्षा पातळ काप दिला असता.

मी माझ्या कापाकडं बघत बसलो. माझा काप उत्तम आला होता.

गणपत नापास झाला. दुसऱ्या दिवसापासून आला नाही.

पुढच्या आठवड्यात सरांनी कृष्णेतलं पाणगवत आणवलं. त्याचं पान इतकं पातळ की वस्तरा नको. पानाचा तुकडा तसाच काचेवर ठेवायचा. मी खिडकीजवळ डोळा लावला. पेशीतले हिरवे कण चालत होते. भिंतीच्या कडेकडेनं, एकामागून एक, गोल. आणि सरांचा पाटील? तो मध्ये नव्हताच. कडेला ढकललेला. तोही त्या कणांच्या धारेबरोबर वाहत होता. तासभर मी एकाच पेशीवर डोळा ठेवला. जागेवर कुणीच नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, सापडलं! सर खोटे, गाव खोटं, निसर्गात सगळे सारखे. मग स्वतःचाच संशय आला. मला पाहिजे ते मी त्यात बघतोय का? सरांनी गाव बघितलं, मी समता बघतोय. पेशी कुणाचीच बाजू घेत नव्हती. तिला ना पाटील ठाऊक, ना महारवाडा. ती तिची तिची चालली होती. माणसाच्या पापाची सोय लावायला ती जन्मली नव्हती.

मग खात्रीनं मला काय ठाऊक होतं? एकच गोष्ट. बोथट वस्तऱ्यानं काप जाड येतो. आणि तीच मी दाबली होती.

सरांनी वस्तऱ्यांची चवड पुढं सारली. "हं, कर सुरू."

मी म्हणालो, "करणार नाही."

"काय?"

"सर, मी धार लावणार नाही. आणि गणपतचा हात जड नव्हता. त्याचा वस्तरा मी कधी ओढलाच नाही. न्हावी महाराचं करत नाही, म्हणून. नापास करायचं तर मला करा."

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते हसले. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

"बघा," वर्गाला म्हणाले, "आम्हाला नावं ठेवतात. आणि ह्यांचं आपापसात हे असं." मग माझ्याकडं वळून, "तुमची भांडणं तुमच्या गावात. निकाल लागलेला आहे."

त्या दिवसापासून खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक इनामदारांच्या मुलाला गेला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

रविवारी पट्टा घेऊन मी मिरजेकडं गेलो. गणपत घराबाहेर दगडावर बसून दाढी करत होता. त्याच वस्तऱ्यानं. गाल दोन ठिकाणी कापलेला. भरतीला जाणार होता, बापाच्या पलटणीत.

"आण," मी म्हणालो. "ओढून देतो."

त्यानं मान वर केली नाही. "आता?"

"मी सरांना सांगितलं. समद्यांच्या म्होरं."

"निकाल बदलला?"

"न्हाई."

"मग माझ्याकडं कशाला आलास? तुझं वझं उतरवायला व्हय?" त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. "ते मी न्हाई उतरवायचा. पट्टा घरला घेऊन जा. बापाचा हाय न्हवं?"

आतून त्याच्या आईनं विचारलं, "कोन आलंया रं?"

"कुनी न्हाई, आये."

मी परत फिरलो. तो परत भेटला नाही. लढाईतून आला की नाही, मला ठाऊक नाही. मी शोध घेतला नाही. हेही लिहायचं होतं.

आता मी सातारला बॉटनी शिकवतो. परवा त्या कॉलेजातून पत्र आलं. सरांचा सत्कार आहे, गौरव अंक निघतोय. 'आपल्यासारख्या घरातल्या विद्यार्थ्याच्या हाती सरांनी सूक्ष्मदर्शक दिला, त्याची कृतज्ञ आठवण' पाहिजे. एक पान. 'आपल्यासारख्या' हा शब्द मी पाच-सहा वेळा वाचला. तीच थाप. या वेळी गिळणार नाही.

आणि स्वतःलाही सोडणार नाही. पंचवीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आलो ती 'मी सरांना नाही म्हणालो' इथून सुरू करून. लोक वाहवा करायचे. बारावा वस्तरा मी कुणाला सांगितला नाही. बायकोलासुद्धा नाही.

तर संपादक महाशय, माझी आठवण ही अशी आहे. छापायची तर पुरी छापा. सर वाचोत, इनामदारांचा मुलगा वाचो, तो आता तुमच्या समितीवर आहे. गणपतचं नाव गाळू नका आणि मी हसलो ते वाक्य गाळू नका. छापणार नसाल तर सत्काराला मी येतोच आहे. पट्टा घेऊन येईन. ज्या टेबलावर ती चवड पडायची, त्याच टेबलाशी उभा राहून हा कागद पहिल्या ओळीपासून वाचीन. मध्येच बसा म्हणालात, तरी बसणार नाही.