जिवंत माणसाच्या फोटोला हार

भयपटांचे संवाद लिहून मी पोट भरतो, त्यामुळे या धंद्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. बाई अंधारात "कोण आहे?" विचारत चाचपडते, बटण दाराशेजारीच असतं, पण ते ती दाबणार नाही. मोबाइलची रेंज नेमकी तेव्हाच जाते. कपाटातून आधी मांजर उडी मारतं, प्रेक्षक सैल झाला की मग भूत. "तिकडे जाऊ नका" एवढंच सांगायला एक म्हातारा जणू पगारावर ठेवलेला असतो. आणि दर सात मिनिटांनी एक दचका हवा, हे आमच्या दिग्दर्शकाचं वेदवाक्य. भीती आणि दचका यांतला फरक त्याच्या गावीही नव्हता. अहो, मागून रिक्षाचा भोंगा वाजला तरी माणूस दचकतो. त्याला काय कला म्हणायचं?

दिग्दर्शकाला कोकणातला वाडा हवा होता. बजेट शहराला लागून असलेल्या तळवलीपर्यंतच पोचलं. तळवलीत आमचं घर, म्हणजे आमच्याच इमारतीचा तळमजला. वरचे मजले भाड्याने दिलेले. ते घर मीच शूटिंगला देऊ केलं, तेही फुकट, कारण पुढच्या सिनेमालाही लेखक म्हणून मलाच घ्यावं अशी माझी लाचार इच्छा होती. मग आईच्या लख्ख भिंतींवर चहाच्या पाण्याचे ओघळ आले, कोपऱ्यांत कापसाची जळमटं लागली. ज्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, तिच्यात हिरोइन "नेटवर्क नाही" म्हणून रडणार होती. मला हसू आवरेना.

तारखा ठरल्या आणि त्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखू लागलं. नेरूळला हॉस्पिटलात ठेवलं, बायपास करायचं ठरलं. आई तिथेच मुक्कामाला. शूटिंग पुढे ढकला म्हणायची माझी छाती झाली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आई बाबांचे कपडे न्यायला घरी आली आणि दारातच थबकली.

समोरच्या भिंतीवर बाबांचा फोटो होता. पुतणीच्या लग्नातला, फेटा बांधलेला, वर्षानुवर्षं तिथेच असलेला. त्याला प्लास्टिकचा हार घातला होता आणि काचेवर कुंकू लावलं होतं. आई किंचाळली नाही. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"यो हार कारा," ती म्हणाली.

"आजी, कंटिन्युटी आहे," सेट लावणारी मुलगी म्हणाली. "सकाळी हारासकट शॉट झालाय. संध्याकाळपर्यंत हलवता नाही येणार."

"म्हंजे काय रं?" आईनं मला विचारलं.

एकदा जे दिसलं ते सीन संपेपर्यंत तसंच ठेवावं लागतं, मी सांगितलं.

"म्हंजे तुजा बापूस सांजपरत मेलेलाच?"

मी काही बोलायच्या आत कॅमेरा सुरू झाला. हिरोइन डोळे फाडून मागे मागे सरकू लागली, आणि आई पायातल्या चपलांसकट सरळ फ्रेममध्ये घुसली. स्टुलावर चढली. हार ओढून काढला, फेकला आणि पदरानं कुंकू पुसलं.

"कट!" दिग्दर्शक ओरडला. मग मॉनिटरमध्ये पाहून त्याचे डोळे चमकले. "आजी, काय एक्स्प्रेशन दिलंत! एकदम रिअल! सेम परत एकदा कराल? हार लावा रे परत!"

माणूस किती कोडगा असावा याला काही मर्यादा? मला त्याची किळस आली.

"परत?" आई म्हणाली. "माजा मानूस जित्ता हाय. उंद्या त्याची छाती फारनार हायेत, आन तुमी परत हार घालता?"

मग ती माझ्याकडे वळली. "कोनी सांगतलं रं यांना हार घालाला?"

स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं: भिंतीवर हार घातलेला फोटो. ते मी लिहिलं होतं. असल्या सिनेमांत भिंतीवर तसा फोटो असतोच, म्हणून दोन सेकंदांत, विचार न करता. कुणाचा ते लिहिलं नव्हतं. त्यांनी जो टांगलेला होता तोच घेतला.

मी दिग्दर्शकाकडे बोट दाखवलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. स्क्रिप्ट त्याच्या हातातच होती. ती त्यानं खुर्चीवर पालथी ठेवली, पुढे आला आणि आईच्या पायांना हात लावला. "चुकलं आजी. माझीच चूक." सकाळचा शॉट त्यानं टाकून दिला. पुढचं सगळं कोऱ्या भिंतीवर घेतलं.

बाबा बरे झाले, घरी आले. आई अजून त्या माणसाच्या नावानं बोटं मोडते. "मेल्याला लाज नव्हती," जेवायला वाढता वाढता म्हणते. मी "नव्हतीच" म्हणतो आणि पानातलं संपवतो.