क्लॅरीने भादरलेले वाफे

आमच्या गल्लीत रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधली गवताची पट्टी कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, पण आपापल्या दारातली कापायची ज्याची त्याने. क्लॅरी पास्को मात्र आपली कापता कापता शेजाऱ्याची, मग समोरच्याची, असं करत अख्खी गल्ली भादरून यायचा. ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस, शनिवारी त्याला घरात बसवतच नसे. कोणी आभार मानले तर म्हणायचा, मशीन चालूच होतं की.

गल्ली उताराची आणि तळाशी थेल्माचं घर. जोराची सर आली की वरचं सगळं पाणी तिच्या स्वयंपाकघरात. दूर बॅलरॅट गावात राहणाऱ्या तिच्या मुलीने निक्षून सांगितलं होतं, आता एकदा पाणी शिरलं की तू माझ्याकडे यायचं, बास. थेल्माने बिचारीने बॅग भरून दाराशी ठेवली होती. लग्न होऊन आली ते हे घर, सोडायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं, वरच्या अंगाची गवतपट्टी खणून खोलगट वाफे करायचे आणि रस्त्याचं पाणी त्यांत वळवून तिथेच जिरवायचं. माती आणि रोपं कौन्सिलची, खणणं आमचं. सगळ्यात मोठा वाफा नेमका क्लॅरीच्या दारात येत होता. स्वारी आठवडाभर फुगून बसली, मग एका रविवारी स्वतःच फावडं घेऊन हजर. थेल्मासाठी, दुसरं काय! आम्ही खणलं, लव्हाळ्याची रोपं लावली, सॉसेजं भाजून खाल्ली. फार मजा आली.

लव्हाळी चांगली गुडघाभर झाली. कौन्सिलची माणसं काम बघायला येणार होती, आणि त्याआधीच्या शनिवारी क्लॅरीने, गल्ली नीटनेटकी दिसावी म्हणून, सगळे वाफे साफ भादरले. मी बाहेर येऊन बघते तर नुसते खुंट. कपाळावर हातच मारला मी.

"अरे क्लॅरी, ते गवत नव्हतं रे. आपणच लावलेलं होतं ते."

"पसारा वाटला गं," एवढंच म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना. मशीन शेडमध्ये ढकलून त्याने कुलूप घातलं.

त्याच आठवड्यात आभाळ फाटलं. क्लॅरी वाफ्याशी भिजत उभा, आणि आम्ही त्याच्यामागे छत्र्या धरून. पाणी वाफ्यात शिरलं, काठोकाठ आलं आणि हळूहळू बसत गेलं. मुळं जागच्या जागी होती ना! पण खाली थेल्माकडे काय झालं, हे विचारायला जायचा क्लॅरीला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी थेल्माच चढ चढून आली, हातात तीच बॅग. क्लॅरी पायरीवरून उठला. अगदी रडवेला झाला होता.

"निघालीस?"

"कुठे? स्वयंपाकघर कोरडं ठणठणीत आहे माझं." तिने बॅग उघडली. आत केक होता आणि गवत कापायची मोठी कात्री. "कपडे कपाटात गेले, म्हटलं बॅग कशाला तरी वापरावी. वाफ्यांच्या कडा ह्या कात्रीने कापायच्या. आणि मशीन काढ, माझ्या दारात रान माजलंय. पण वाफ्यात घातलंस ना, तर तुलाच बॅलरॅटला पाठवीन."

क्लॅरी शेडची किल्ली शोधायला आत पळाला.