शाईने लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या

माझं अक्षर चांगलं आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लग्नपत्रिकांवरची नावं मी लिहिली आहेत, आणि त्याचा मला इतका माज होता की प्रयोगशाळेतही मी शाईचं पेन खिशाला लावून जायचो.

धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात मी मुळांवर काम करायचो. कपाशीची बारीक मुळं पोटॅशमध्ये शिजवायची, मग शाई आणि व्हिनेगरमध्ये बुडवायची. मुळात घर करून राहिलेली बुरशी निळी होऊन दिसते. ती मुळाला जमिनीतलं स्फुरद आणून देते, मूळ तिला साखर देतं, आणि दोघं सुखाने नांदतात. रंगाला शाई, नमुन्याच्या चिठ्ठीलाही शाईच. चिठ्ठी बिघडली तर शेतात जाऊन दुसरं रोप उपटून आणायचं. अशा लाडात काही वर्षं काढल्यावर कंत्राट संपलं आणि मी जळगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो.

तिथे माणसांचे तुकडे येतात. तुकडा जाळीच्या डबीत ठेवायचा, सोबत नंबराची चिठ्ठी, मग ती डबी अल्कोहोलमधून फिरवून मेणात घालायची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप निघतात. तिथले जुने मदतनीस आबा यांनी नळाला दोरीने पेन्सिलीचं थोटूक बांधून ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "चिठ्ठी पेन्सिलनंच." मला वाटलं, म्हाताऱ्याला माझं अक्षर बघवत नाही.

एका आठवड्यात दोन तान्ह्या बाळांचे मेंदू आले. त्यातलं एक चाळीसगावकडच्या जोडप्याचं. बाळ पाच दिवस जगलं होतं. आई सातव्या महिन्यात धुण्याच्या दगडावर पडली होती आणि तिने ते दोन दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. आता घर म्हणत होतं, त्या पडण्यानेच बाळाचा मेंदू गेला, हिनेच घालवलं. हे खरं की खोटं, ते मेंदूचा काप सांगू शकतो. जुन्या इजेचा व्रण राहतो, ताजी इजा वेगळी दिसते. त्या बाईला सासरी राहता येणार की नाही, हे त्या कापावर होतं.

आणि मी दोन्ही चिठ्ठ्या निळ्या शाईत लिहिल्या. नंबराखाली रेघसुद्धा ओढली. दुसऱ्या दिवशी डब्या उघडल्या तर आत दोन पांढरे कागद. अल्कोहोलने माझं मोत्यासारखं अक्षर पिऊन टाकलं होतं.

लॅबच्या डॉक्टर सरांना सांगितलं. ते मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "दोन्ही तान्ही, दोन्हींना प्राणवायू कमी पडलेला. टाक कुठलाही नंबर."

मला सरांचा राग आला, पण खरं सांगायचं तर तो जरा उशिरा आला. आधी मी पेन्सिल उचलली आणि एका डबीवर नंबर टाकला. टाकल्यावर हाताकडे बघितलं आणि स्वतःच्याच मुस्काटात द्यावीशी वाटली. देवपुरात रोप बदलायचो. इथे काय बदलत होतो मी?

मेंदू ज्या बरण्यांतून आले होते त्यांत थोडा थोडा तुकडा उरला होता, आणि त्यांच्यातल्या चिठ्ठ्या आबांच्या होत्या, पेन्सिलीच्या, जशाच्या तशा. मी सगळं पुन्हा करायला घेतलं. झालेलं काम परत करायला सर वेळ देईनात, म्हणून इतर कामांच्या फटीत करत बारा दिवस गेले. तेवढ्यात बाळाचा बाप दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा मी त्याला यंत्र बिघडलंय म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला, त्याच्या घरच्यांचा नाही बसला. रिपोर्ट लांबतोय म्हणजे हिचंच काहीतरी निघालंय, असं ठरवून त्यांनी तिला माहेरी धाडलं. माझ्या थापेने तिला बसमध्ये बसवलं.

रिपोर्ट आला. जुना व्रण कुठेच नव्हता. सगळी इजा ताजी, जन्माच्या आसपासच्या तासांतली. इंग्रजीतला तो कागद मी बापाला वाचून दाखवला. कळा कधी सुरू झाल्या होत्या, असं विचारलं. सकाळी, म्हणाला. दवाखान्याला गाडी निघाली दिवेलागणीला, कारण पहिलटकरणीला वेळ लागतोच, असं त्याच्या आईचं मत होतं. मग कागदाची बारीक घडी करून त्याने ती आतल्या खिशात घातली. तो कागद त्या खिशातून घरात कधीच निघणार नाही, हे मला तिथेच कळलं, आणि माझं डोकं असं फिरलं की त्याला चहासुद्धा विचारला नाही.

संमतीच्या फॉर्मवर तिचीही सही होती. म्हणजे कागद तिचाही. रविवारी दुसरी प्रत घेऊन मी धरणगावजवळ तिच्या माहेरी गेलो. शाईचं, चिठ्ठ्यांचं, यंत्राच्या थापेचं, सगळं कबूल केलं. वाटलं, दारातून हाकलून देईल. तिने यातलं काही ऐकलं की नाही कोण जाणे. एवढंच विचारलं, "मन्ही चूक नही ना, भाऊ?"

"नाही."

मग ती म्हणाली, इंग्रजी तिकडे कोणी वाचणार नाही, खाली मराठीत लिहून द्या. मी खिशातून पेन्सिलीचं थोटूक काढलं. आता तेवढंच बाळगतो. तिने माझा हात अडवला.

"पेननं लिखा. पेन्सिलनं पुसी टाकतीन."

तिने आतून पेन आणून दिलं. मी कागद मांडीवर घेतला आणि लग्नपत्रिकेवर नाव घालावं तशा अक्षरात लिहिलं: आईच्या पडण्यामुळे नाही. खाली रेघ ओढली, ती मात्र वाकडी आली.