डोक्यावरची टकटक

पहिल्या दिवशी माझा अंगठा मला न विचारता उडाला आणि मी खुर्चीतच हसत सुटले. डॉक्टरबाईंनी डोक्याजवळ धरलेल्या चुंबकाच्या चकतीतून ‘टक्’ असा आवाज आला आणि मांडीवर निवांत ठेवलेल्या हाताचा अंगठा टुणकन हलला. मी म्हटलं, पुन्हा करा. त्यांनी पुन्हा केलं. यंत्राचा जोर किती ठेवायचा ते असं अंगठ्यावरून ठरवतात, असं त्या समजावत होत्या, पण माझं लक्ष कुठे होतं! कवटी न उघडता, सुई न टोचता, भूल न देता कुणीतरी बाहेरून माझ्या मेंदूला हाक मारली होती आणि त्यानं ओ दिली होती. चौतीस वर्षं मी हाका मारत होते, माझं मेल्यानं कधी ऐकलं नव्हतं.

माझ्या आजाराचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. नावावरून काही कळत नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगते. मी अंबडला एका कारखान्यात तयार माल तपासते. चांगल्या भागाला हिरवी चिठ्ठी, खराब भाग लाल पेटीत. माणसांचंही मी तेच करत आले. सकाळी जिवाभावाची असलेली मैत्रीण दुपारी फोन उचलत नाही म्हटल्यावर लाल पेटीत. संध्याकाळपर्यंत मी स्वतःही त्याच पेटीत.

गेल्या दिवाळीत सटाण्याला ताईकडे गेले होते. ती शेजारणीशी गप्पांत रमली, मला वाटलं मी तिला नकोशी झालेय, आणि मी फराळाचं ताट भिंतीवर मारलं. माझी सहा वर्षांची भाची जी पलंगाखाली शिरली ती दोन तास बाहेर आली नाही. पुढे ताई फोनवर एवढंच म्हणाली, “पोर तुला घाबरते गं. सध्या येऊ नकोस.” मला ती पोर परत हवी होती. बाकी मी बरी होईन की नाही याची मला फारशी पडलेली नव्हती.

डॉक्टरबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, उदासीच्या आजाराला हे यंत्र बरंच वापरतात, पण तुमच्या आजारासाठी अजून अभ्यास चालू आहेत, गुण येईलच असं मी लिहून देणार नाही, आणि दर आठवड्याचं समुपदेशन चुकवायचं नाही. मी शहाण्यासारखी मान डोलावली. आतून मात्र नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

दुसऱ्याच दिवशी आईनं घोळ घातला. यंत्रानं डोकं तापणार अशी तिची पक्की समजूत. मी कामावरून सिडकोतल्या घरी आले तशी तिनं मला पाटावर बसवलं आणि टाळूवर वाटीभर खोबरेल जिरवलं. परीक्षा असो, ताप असो, नाहीतर कुणाचं लग्न मोडलेलं असो, आमच्याकडे पहिला उपाय तेल. मीही मुकाट बसले, बरं वाटत होतं. मग तशाच दोघी दवाखान्यात गेलो. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डोक्यावर एक घट्ट कापडी टोपी घालतात. चकती रोज नेमक्या त्याच जागी यावी म्हणून तिच्यावर पेनानं खूण केलेली असते. माझ्या डोक्यावरून ती टोपी कानाकडे घसरायला लागली, खूण तेलात पसरली, आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंनी हात टेकले. म्हणाल्या, उद्या न्हाऊन या.

परतताना मी रिक्षात आईवर असं तोंड टाकलं की रिक्षावाल्यानं आरसा दुसरीकडे फिरवला. आई म्हणाली, “मला काय ठाव बाई. डोकं थंड ऱ्हायलं तर लवकर गुण येईल वाटलं.” दुसऱ्या दिवशी शिकेकाईनं तिनंच माझं डोकं धुऊन दिलं.

मग चार आठवडे, आठवड्याचे पाच दिवस. कानात बोळे आणि डोक्यावर सुतारपक्षी बसल्यागत टकटक. कधी कधी डोकं दुखायचं, डोळ्याजवळची शीर नाचायची. घरी आले की आईला विचारायचे, फरक दिसतो का? ती म्हणायची, कालपेक्षा कमी वेळा विचारलंस. तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात साहेब सगळ्यांदेखत माझ्यावर खेकसले आणि मला राग आला, पण तो येताना दिसला. अहो, दिसला! इतकी वर्षं तो येऊन, तोडफोड करून गेल्यावरच मला कळायचं. यंत्रामुळे म्हणा, समुपदेशनामुळे म्हणा, नाहीतर आईच्या तेलामुळे. मला नाचावंसं वाटत होतं.

उपचार संपले त्या रविवारी, मी बोलावलं म्हणून, ताई भाचीला घेऊन येणार होती. मी घर दोनदा पुसलं, श्रीखंड आणलं, रंगीत खडू आणले. अकराला ताईचा फोन आला. हिला बरं नाही, आज जमत नाही. तिचा नंबर ब्लॉक करायला अंगठा गेलासुद्धा. मग मी फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि भांडी घासली. आदळत घासली, कबूल आहे. सगळी घासून झाल्यावर मी तिला फोन लावला आणि म्हटलं, मला राग आला होता, आता जरा उतरलाय, तिला बरं वाटलं की या.

पलीकडे गाड्यांची घोषणा चाललेली.

“आम्ही सीबीएसच्या स्टँडवरच आहोत,” ताई म्हणाली. “इथवर आले आणि धीर सुटला गं माझा.”

म्हणजे खोटं बोलली! पुन्हा भडका उडाला, पहिल्याहून मोठा. तिथेच थांबा, आले, एवढंच कसंबसं बोलून मी रिक्षा पकडली.

स्टँडवर भाची ताईच्या मागे उभी होती, पदर मुठीत धरून. मी तिला जवळ बोलावलं नाही, चार हात लांब उभी राहिले. मला रडू येत होतं.

“मावशी, आज तू ओरडणार आहेस का?” तिनं तिथूनच विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. “माहीत नाही गं,” मी म्हटलं. “पण ओरडावंसं वाटलं तर आधी तुला सांगेन.”

तिनं त्यावर नीट विचार केला. मग पदर सोडला आणि रिक्षात आमच्या दोघींच्या मधे येऊन बसली.