सोवळ्यातलं नाक

आमच्या चामटोलीच्या घरात सोवळं कधीच नव्हतं. ते पहिल्यांदा आलं माझ्यामागून, उल्हासनगरच्या कॉलेजातून, मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलमधून.

मी नक्की काय शिकते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा विचारणाऱ्याला सांगायचे, "डॉक्टरच्या बाजूचं कायतरी हाय." एवढ्या वाक्यावर गावाने मला निम्मी डॉक्टर करून टाकलं. शेजारच्या काकी ब्लडप्रेशर मोजायला यायच्या. माझ्याकडे मशीन नाही म्हटलं की म्हणायच्या, "मंग नुसता हात तरी धर." एकदा चुलत्यांनी मला गोठ्यात बोलावलं, म्हैस पान्हा चोरत होती म्हणून. मी वैतागून म्हटलं, "काका, मी बायोटेकला आहे, जनावरांची डॉक्टर नाही." काका शांतपणे म्हणाले, "मंग म्हैस बायो नाय का?" 

आमच्या विभागाच्या दारावर एक मोठं पोस्टर होतं. त्यावर पांढऱ्या कोटातली एक मुलगी टेस्ट ट्यूबमधल्या निळ्या पाण्याकडे बघून हसत होती आणि खाली लिहिलं होतं: लसनिर्मिती, औषध कंपन्या, रक्तपेढी, हॉस्पिटल. आत मात्र एक जुनी खोली होती, तिला प्लायवूडचं पार्टिशन मारलेलं, आणि खिडकीखाली कॅन्टीनची कढई. वडे तळायला घेतले की आमची निर्जंतुक हवा भुकेची व्हायची.

त्या खोलीचे राजे म्हणजे आमचे सर. औषध कंपनीच्या स्वच्छ खोलीत कसं वागायचं हे आम्हाला शिकवायचं, एवढाच त्यांचा ध्यास. हात धुतल्यावर, स्पिरिट लावल्यावर कशालाही शिवायचं नाही. ऐकायला सोपं आहे. करून बघा. माणूस किती वेळा आपल्या तोंडाला हात लावतो हे त्याला कोणी मनाई करेपर्यंत कळत नाही. सर फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'असेप्सिस', म्हणजे जंतुविरहित काम, असं लिहायचे, आम्ही ते वहीत उतरवून घ्यायचो आणि त्याच हाताने केस मागे सारायचो.

एक दिवस सरांचा संयम सुटला. खडू आपटून ते ओरडले, "अरे, सोवळं! सोवळं कळतं का? स्पिरिट लावलं की तुम्ही सोवळ्यात. बाकी सगळं ओवळं. मोबाइल ओवळा, केस ओवळे, पेन ओवळं, आणि नाक तर महाओवळं!"

 अर्ध्या वर्गाला तो शब्द घरच्या स्वयंपाकघरातून माहीत होता. उरलेल्या बहुतेकांना तो त्याच स्वयंपाकघराच्या बाहेरून माहीत होता. पण कळला जवळजवळ सगळ्यांना.

मग सरांनी जोड्या लावल्या. एकाने सोवळ्यात काम करायचं, दुसऱ्याने त्याचा ओवळा व्हायचं. ओवळ्याचं काम म्हणजे जोडीदाराचा चष्मा वर सरकवणं, घाम टिपणं, फोन उचलणं आणि नाक खाजवणं. कुठल्याही अभ्यासक्रमात हे नाही, पण आमच्याकडे ते धर्मासारखं पाळलं जायचं.

माझा जोडीदार उल्हासनगरातल्याच कॅम्प पाच वस्तीतला सिंधी मुलगा. त्याच्या घरी जीन्स शिवायचा कारखाना. सोवळं हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता, पण आठवड्याभरात तो आम्हा सगळ्यांपेक्षा कडक झाला. दोन्ही हात वर धरून ओरडायचा, "ए, मैं सोवळे में हूँ, मेरी मम्मी का फोन उठा ना!" मी फोन उचलून त्याच्या कानाला लावायचे. त्याची मम्मी दर वेळी एकच विचारायची, भेंडी करू की बटाटा.

माझी अडचण वेगळी. मी सोवळ्यात गेले रे गेले की माझं नाक खाजायला लागायचं. तेही डावीकडेच. मग तो पेन्सिलीच्या मागच्या टोकाने खाजवायचा आणि मी त्याच्यावर डाफरायचे, "थोडा ऊपर. लेफ्ट. अरे, तेरा लेफ्ट नहीं, मेरा लेफ्ट!"

शेवटी परीक्षा असायची प्लेटची. काचेच्या छोट्या बशीत जेलीसारखं खाद्य असतं, त्यावर पाची बोटं दाबायची आणि बशी उबेला ठेवायची. बोटं ओवळी असतील तर दोन दिवसांत त्यांच्या ठशांवर जंतूंचे ठिपके उगवतात. सर ती प्लेट खिडकीशी धरून पत्रिका बघावी तशी बघायचे. माझ्या जोडीदाराच्या प्लेटवर तर अख्खा कॅम्प पाच वस्तीला यायचा.

"सकाळी दाल पकवान खाल्लंस?" सरांनी एकदा विचारलं.

"सर, प्लेट में दिखता है?"

"प्लेटवर नाही. शर्टावर दिसतंय."

शेवटच्या वर्षाला बातमी आली की अंबरनाथच्या एमआयडीसीतली एक औषध कंपनी आमच्या विभागातून एक ट्रेनी घेणार. एकच. सर आमच्यातल्या चौघांना चाचणीला पाठवणार होते आणि त्यात मी आणि माझा जोडीदार होतो. मला ती नोकरी हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. आमच्या घरात कोणीही कधीही कुठल्याही खोलीत शिरतं, कोणाचाही टॉवेल घेतं, कोणाच्याही ताटातलं उचलतं. जिथे शिरायला परवानगी लागते अशा एका खोलीत मला आयुष्यात एकदा तरी उभं राहायचं होतं. ती नोकरी हुकली तर बाबांनी दुसरं ठरवून ठेवलं होतं: शिरगावच्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर, खोकल्याच्या औषधांच्या बाटल्यांमागे.

म्हणून मी घरीसुद्धा सराव करायला लागले. एका दुपारी कोपरापर्यंत हात धुऊन, दोन्ही पंजे वर धरून मी स्वयंपाकघरात उभी होते. आई भाकऱ्या थापत होती.

"हात वर करून काय उभी हायस? ती परात दे," आई म्हणाली.

"आई, लांब राहा. मी सोवळ्यात आहे. तू ओवळी आहेस."

आईचा हात भाकरीवरच थांबला. लग्नानंतर कितीतरी वर्षं आई डोक्यावर टोपली घेऊन बदलापुरात भाजी विकायला जायची. तिथल्या एका घरी तिला भाजी पायरीवर ठेवावी लागायची. बाई आधी त्यावर पाणी शिंपडायची, मगच भाजी आत न्यायची. हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी डोक्यात फक्त प्लेट होती.

"कोन ओवली?" आईने विचारलं. "परत बोल."

मी हात वर धरूनच घाईघाईने समजावायला लागले. "आई, आमच्यात सगळेच ओवळे असतात. सर ओवळे. मी जन्माची ओवळी. सोवळं फक्त स्पिरिट लावल्यावर घटकाभर, नंतर पुन्हा सगळे सारखे."

आईने विचार केला. "सगलं म्हंजे? तुमचं परिन्सिपल पन?"

"ते तर सगळ्यांत जास्त. त्यांना दाढी आहे."

आई आधी गालातल्या गालात हसली आणि मग खोखो हसत खालीच बसली. डोळे पुसून म्हणाली, "बामन हायत ना रं देवा ते!" पुन्हा हसायला लागली. त्या दिवसापासून माझी घरची ओवळी तीच झाली. मी हात वर धरले की ती पदराचं टोक घेऊन यायची. "कुठं? हितं? का वर?" कॉलेजातल्या पेन्सिलीपेक्षा तो पदर फार बरा होता.

चाचणीच्या दिवशी आम्ही चौघं कंपनीत गेलो. एक मॅडम आम्हाला तपासणार होत्या. कानात मोत्याच्या कुड्या, इस्त्रीची साडी, आणि मराठी अशी शुद्ध, की मी उत्तर देण्याआधी मनात व्याकरण तपासत होते. एकेकाला आत बोलावलं. टोपी, मास्क, पायापासून गळ्यापर्यंत पांढरा पोशाख, हातमोजे, वर स्पिरिट. मॅडम दारात त्यांच्या रोजच्या कपड्यांत, हातात पेन घेऊन उभ्या होत्या.

"प्लेटा येतील. तोवर हात असेच ठेवा," त्या म्हणाल्या.

प्लेटा येईनात. मी पंजे वर धरून उभी. मास्कच्या आत डावीकडे मुंगी चालल्यासारखं झालं. मग दहा मुंग्या झाल्या. माझा जोडीदार बाहेर बाकावर, आई चामटोलीत. मी सवयीने जे समोर होतं त्याच्याकडे वळले.

"मॅडम, तुम्ही ओवळ्या आहात ना? जरा माझं नाक खाजवा. डावीकडून."



"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी तेच पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्याने.

मॅडमच्या भुवया टोपीला टेकल्या असत्या, त्यांनी टोपी घातली असती तर. "इथे कोणी कोणाचं नाक खाजवत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला रडू आलं. पाणी गालांवरून मास्कमध्ये उतरलं. रडण्याचा एवढाच फायदा झाला की खाज गेली. मग प्लेटा आल्या आणि मी बोटं दाबली.

बाहेर आल्यावर जोडीदाराने कपाळावर हात मारला. "तूने मॅडम को ओवळी बोला? गई तू! मैंने तो चुपचाप हाथ से खुजा लिया." सरांना सांगितलं तर ते डोकं दोन्ही हातांत धरून बसले.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ओरडेल.

"त्या बाईला ओवली म्हनलीस? तोंडावर?"

"हो."

"मंग ती काय म्हनली?"

"लिहून घेतलं."

 रात्री कालवणातला सगळ्यात मोठा तुकडा तिने माझ्या ताटात वाढला. बाबांनी शिरगावच्या दुकानवाल्याला फोन लावला. 

आणि मग कंपनीतून बोलावणं आलं. मॅडमच्या टेबलावर चार प्लेटा मांडलेल्या होत्या. तिघांच्या ठशांवर ठिपक्यांची रांगोळी. माझी कोरी.

"नाक सगळ्यांचंच खाजतं. म्हणूनच मी प्लेटा उशिरा मागवते," मॅडम म्हणाल्या. "तिघांनी गुपचूप हात लावला, आणि विचारलं तर म्हणाले, आम्ही काहीच केलं नाही. तू विचारलंस. इथे मला विचारणारं माणूस लागतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला आयुष्यात कोणी ओवळी म्हटलं नव्हतं. घरी जाऊन आईला सांगितलं. तरी तुलाच घेतेय म्हटल्यावर ती अजून माझ्याशी बोलत नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"नको. शब्द बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या.

बाबांनी गावभर सांगितलं, "पोरगी आता डॉक्टरच्या आत गेली." चुलते म्हणाले, म्हशीचं बघून जा. आई मात्र सगळं ऐकून घेऊन काळजीत पडली.

"तिथं तुझं नाक कोन खाजवनार?"

"कोणी नाही, आई. सहन करायचं असतं."

हे तिला अजिबात पटलं नाही. पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा ती चुलीपुढून उठून दारात आली आणि माझी हनुवटी धरून तिने नाकाची डावी बाजू खसाखसा खाजवली. "आत्ताच खाजवून जा," म्हणाली.

ती अजून रोज तसंच करते. तिच्या बोटांना पीठ असतं, लसणाचा वास असतो, नखांत वाफ्यातली माती असते. ती बोटं प्लेटवर दाबली तर काय काय उगवेल, देव जाणे. कंपनीत पोहोचल्यावर पहिलं काम म्हणून मी तोंड साबणाने तीनदा धुते. तरी दिवसभर माझं नाक खाजत नाही.